वारं गेल्यानंतरचे तास

आमच्याकडे त्याला ‘वारं गेलं’ म्हणतात. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर पक्षाघात लिहितात, शहरात स्ट्रोक म्हणतात, कुणी लकवा म्हणतं, पण माझ्या कानात बसलाय तो वाऱ्याचाच शब्द. त्या शब्दात एक चूक दडली आहे आणि हे पुस्तक त्या चुकीपायी लिहिलं गेलं. वारा येतो आणि जातो, मागे मोडलेल्या फांद्या उरतात. ‘गेलं’ या क्रियापदातच सगळं आटोपलेलं असतं. मग घाई कशाची करायची?

माझ्या वडिलांनी एका सकाळी बशीत ओतलेला चहा तोंडाला लावला आणि तो ओठांच्या उजव्या कडेतून सदऱ्यावर ओघळला. आईने ‘काय होतंय?’ विचारलं, तेव्हा उत्तरादाखल नुसता घोगरा आवाज आला, त्यात शब्द नव्हते. आम्ही त्यांना पलंगावर निजवलं. शेजारच्या काकूंनी महानारायण तेलाची बाटली आणली, हातपाय चोळले. थोडं बरं वाटू दे, मग दवाखान्यात नेऊ, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. जिल्ह्याच्या गावी पोचायला दुपारचे तीन वाजले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘नक्की किती वाजता सुरू झालं?’ आम्ही तिघांनी तीन वेगळ्या वेळा सांगितल्या. मी तेव्हा जीवरसायनशास्त्र शिकत होतो. ग्लुकोजपासून ऊर्जा कशी तयार होते याच्या सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या. काकू तेल चोळत होत्या त्या वेळी वडिलांच्या कवटीच्या आत त्याच पायऱ्या एकेक करून ढासळत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या तासांत, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत, मेंदूच्या पेशींमध्ये रेणूंच्या पातळीवर काय घडतं, ते या पुस्तकात सांगितलं आहे. पक्षाघाताचे ढोबळ प्रकार दोन. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, नाहीतर गुठळीने बंद होते. इथे विचार केला आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईतल्या एका ठरावीक वस्तीत नोंदणी केली. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा पक्षाघात होतो असं त्यांना आढळलं, आणि त्यातल्या साधारण ८० टक्के लोकांची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली होती.

मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण आपण नुसते बसून असतो तेव्हा शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, आणि शिल्लक जवळपास काही ठेवत नाही. हाडांची शस्त्रक्रिया करताना सर्जन मांडीला पट्टा आवळून दीड-दोन तास रक्त थांबवतात. पाय तरीही शाबूत राहतो, कारण स्नायूकडे साठा असतो आणि त्याची भूकही कमी असते. मेंदूचा पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. हातावर पोट असलेल्या घरासारखा हा कारभार आहे. रोज आणायचं आणि रोज खायचं.

एवढी ऊर्जा जाते कुठे? विचार करण्यात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचा निम्म्याच्या आसपास वाटा एका पंपावर खर्च होतो. हा पंप पेशीतलं सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. त्याचा एक रेणू मोडला की तीन सोडियम बाहेर जातात, दोन पोटॅशियम आत येतात. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो ओळखला आणि त्याबद्दल चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. गळक्या होडीतलं पाणी सतत उपसत राहावं तसं हे काम आहे. होडी तरंगते आहे एवढंच काठावरून दिसतं, उपसणाऱ्याचे हात दिसत नाहीत. ते हात थांबले की काय होतं, याचीच हकिगत म्हणजे पक्षाघाताचं रसायन.

पण हात सगळीकडे एकाच क्षणी थांबत नाहीत, आणि ही या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त वाहतं. १९७७ साली लंडनमध्ये लिंडसे सायमन, जेन्स आस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूतला हा प्रवाह पायरीपायरीने कमी करून पाहिला. तो २०च्या खाली उतरला तेव्हा पेशींचे विद्युत संदेश बंद झाले. पण पेशी मेल्या नाहीत. १०च्या आसपास प्रवाह उतरल्यावरच पोटॅशियम भसकन बाहेर पडलं, म्हणजे पंप थांबला. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यातली पेशी मुकी झालेली असते, पण जिवंत असते. संशोधकांनी या पट्ट्याला ग्रहणातला शब्द दिला. आपल्या पंचांगात ‘छायाकल्प चंद्रग्रहण’ छापलेलं असतं. चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत शिरत नाही, कडेच्या विरळ सावलीतून जातो, आणि मंदावलेला तरी उजेड राहतो. मेंदूतल्या त्या पट्ट्याला मी या पुस्तकभर उपच्छाया म्हटलं आहे.

गुठळीच्या अगदी मागचा, जिथे रक्त जवळपास शून्य असतं तो गाभा काही मिनिटांत जातो. भोवतालची उपच्छाया शेजारच्या वाहिन्यांच्या उसन्या रक्तावर तग धरून राहते, कुणाची तासभर, कुणाची दिवसभर. वडिलांचा उजवा हात पडला होता, पण हात चालवणारा मेंदूचा सगळा भाग त्या क्षणी मेलेला नव्हता. तो गप्प झाला होता. हा फरक मला कळायला पुढे कित्येक वर्षं लागली.

आता उपच्छायेत आणि गाभ्यात नेमकं काय घडतं? पुस्तकाचं तिसरं प्रकरण यावर आहे आणि ते सर्वांत लांबलं आहे. त्याला माझा इलाज नव्हता, कारण या सगळ्या कथेचा कणा तिथे आहे. तो कणा म्हणजे ग्लुटामेट.

हे नाव अनोळखी वाटलं तरी पदार्थ ओळखीचा आहे. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव वेगळी काढली. त्याचंच मीठ आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांवर अजिनोमोटो म्हणून पोचलं. मेंदूत हाच रेणू निरोप्याचं काम करतो. एका चेतापेशीच्या टोकातून तो बाहेर पडतो, पुढच्या पेशीच्या ग्राहीवर बसतो, ती पेशी जागी होते. आपण वाचतो, ओळखतो, आठवतो, त्यातला फार मोठा व्यवहार याच्या जोरावर चालतो. निरोप पोचला की शेजारच्या तारकापेशी आणि खुद्द चेतापेशी त्याला लगेच शोषून घेतात. म्हणूनच पेशीच्या आत ग्लुटामेट बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. हे शोषणं सोडियमच्या उतारावर चालतं, आणि तो उतार राखतो तोच पंप.

१९६९ मध्ये सेंट लुईसचे जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिलांना ग्लुटामेट टोचलं, तर त्यांच्या मेंदूतल्या काही पेशी फुगून मेल्या. ज्या रेणूने पेशी उत्तेजित होते, त्याच रेणूच्या अतिरेकाने ती मरते, हे त्यांनी ओळखलं आणि या प्रकाराला नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘उत्तेजन-विषबाधा’ म्हटलं आहे. इथे एक खुलासा केलेला बरा. ताटातल्या अजिनोमोटोने पक्षाघात होतो असा याचा अर्थ नाही. मोठ्या माणसाच्या रक्तातलं ग्लुटामेट मेंदूभोवतीचा अडसर सहसा ओलांडत नाही. पक्षाघातात जे विष होतं, ते मेंदूच्या स्वतःच्या कोठारातलं असतं.

ते कोठार असं फुटतं. रक्त थांबलं, प्राणवायू संपला, एटीपी आटला. पंप मंदावला. सोडियम आत साचलं, पोटॅशियम बाहेर पडलं, पेशीपटलाचा विद्युतभार ढासळला. भार ढासळला की पेशीची टोकं ग्लुटामेट सोडतात, तो त्यांचा स्वभावच आहे. पण या वेळी ते परत उचलायला कुणी नाही. उलट, ज्या वाहकांनी ते आत घ्यायचं, तेच उलटे फिरून आतलं ग्लुटामेट बाहेर ओततात. २०००मध्ये लंडनच्या डेव्हिड अॅटवेल यांच्या गटाने हे उलटं फिरणं दाखवून दिलं. ते वाचताना मला मोटेची आठवण झाली. बैल दमून मागे सरायला लागले तर वर आलेली मोट पुन्हा विहिरीत जाते. नाडा तोच असतो, मोटही तीच असते.

बाहेर साचलेलं ग्लुटामेट शेजारच्या पेशीच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीवर बसतं. या ग्राहीला दुहेरी कुलूप असतं. ग्लुटामेट आल्यावरही दार उघडत नाही, कारण भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. समोरची पेशी आधीच जागी असेल, तिचा विद्युतभार उतरलेला असेल, तरच बूच निघतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे ओळखण्याची ही सोय आहे, आणि शिकणं व आठवण ठेवणं तिच्यावर उभं आहे. पक्षाघातात नेमक्या दोन्ही अटी एकदम आणि सरसकट पुऱ्या होतात. स्मरणाचं दार सताड उघडं पडतं आणि आत शिरतं कॅल्शियम.

पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट जास्त असतं. हा फरक राखायला पेशी जिवाचं रान करते, कारण तिच्या आत कॅल्शियम म्हणजे हुकूम. चिमूटभर कॅल्शियम आलं की एखादं विकर कामाला लागतं, काम झालं की कॅल्शियम काढून टाकलं जातं. आता मात्र ते लोंढ्याने येतं आणि सगळी विकरं एकदम कामाला लागतात. कॅल्पेन नावाचं विकर एरवी पेशीच्या सांगाड्याची किरकोळ छाटणी करतं, ते आता खांबच कापायला घेतं. फॉस्फोलायपेज पेशीपटलातली मेदद्रव्यं तोडतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर तर एनएमडीए ग्राहीच्या अगदी खाली एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे पहिला फटका त्याला बसतो. नायट्रिक ऑक्साइड वाईट नाही, रक्तवाहिनी सैल करणारा तो एक उपकारक वायू आहे. पण त्याच वेळी घायकुतीला आलेल्या तंतुकणिका सुपरऑक्साइड सोडत असतात. दोघांची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि ते प्रथिनं, मेद, डीएनए यांतलं काही सोडत नाही. तुटलेला डीएनए सांधण्यासाठी एक दुरुस्ती-विकर धावतं आणि त्या दुरुस्तीत पेशीची उरलीसुरली ऊर्जाही खर्ची घालतं.

या यादीत बाहेरून आलेला शत्रू एकही नाही. पंप, निरोप्या, स्मरणाचं दार, दुरुस्ती करणारं विकर, ही सगळी पेशीच्या जगण्याची साधनं आहेत. मेंदू आपल्याच हत्यारांनी घायाळ होतो. मात्र ही हत्यारं एका क्रमाने चालतात, आणि क्रमाला वेळ लागतो. या पुस्तकाला जे काही सांगायचं आहे ते एवढंच आहे.

यानंतरच्या दोन प्रकरणांचा उल्लेख धावता करतो. प्राणवायूशिवाय ग्लुकोज जाळलं की लॅक्टिक आम्ल साचतं, आणि आम्लाला प्रतिसाद देणाऱ्या वेगळ्या वाहिन्या कॅल्शियमला दुसरी वाट करून देतात. शिवाय गाभ्याच्या कडेवरून विद्युतभार ढासळण्याच्या लाटा उठतात. ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआओ यांनी अशी लाट १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर पाहिली होती. तिचा वेग मिनिटाला दोन ते पाच मिलिमीटर, मुंगीपेक्षाही सावकाश. प्रत्येक लाटेनंतर पेशींना पंप चालवून सगळं पुन्हा मूळपदावर आणावं लागतं. निरोगी मेंदूला ते झेपतं. उसन्या रक्तावर जगणाऱ्या उपच्छायेला झेपत नाही, आणि लाटेगणिक तिची एकेक कड गाभ्यात जमा होते.

हे सगळं कागदावर वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. पुढे मी ज्या प्रयोगशाळेत काम केलं, तिथे पांढऱ्या उंदराच्या मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवत मेंदूच्या मधल्या धमनीचं तोंड बंद करत. दोन तासांनी धागा काढायचा. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आणि टीटीसी नावाच्या रंगहीन द्रावणात, शरीराच्या तापमानाला, ठेवून द्यायच्या. वीस मिनिटांत चकत्या रंगायला लागतात. जिथे तंतुकणिकांची विकरं चालू आहेत तिथे विटकरी लाल रंग चढतो, जिथे ती थांबली आहेत तो भाग खोबऱ्याच्या कातळीसारखा पांढराच राहतो. लाल रंग बाहेरून लावलेला नसतो, जिवंत पेशींनी तो स्वतः तयार केलेला असतो. पहिल्या दिवशी माझ्या हातात आलेल्या चकतीचा एक अर्धा भाग पूर्ण लाल होता आणि दुसऱ्या अर्ध्यात पांढरा डाग कडेपासून आतपर्यंत गेला होता. एक तासाने धागा काढलेल्या उंदराची चकती शेजारच्या बशीत होती. तिच्यातला डाग कितीतरी लहान होता. मी दोन्ही बशा बराच वेळ शेजारी शेजारी धरून उभा राहिलो. मला आमच्या घरातला तो पलंग दिसत होता.

पक्षाघात पहिल्या दिवशी संपत नाही. उपच्छायेतल्या काही पेशी लोंढ्यातून वाचतात आणि नंतरच्या दिवसांत शांतपणे, ठरवून मरतात. तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन गळतं आणि कॅस्पेज विकरांची साखळी पेशीला आतून आवरून टाकते. या मरणाला केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये अपॉप्टॉसिस हे नाव दिलं. मेलेल्या पेशींतून सांडलेली द्रव्यं धोक्याचा इशारा समजून मेंदूतल्या राखणदार मायक्रोग्लिया पेशी चवताळतात, रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, आणि त्यांनी सोडलेली विकरं रक्तवाहिनीच्या भिंतीतलं सिमेंट विरघळवतात. मग पाणी झिरपतं आणि मेंदू सुजतो. कवटी ही बंद पेटी आहे, सूज जाणार कुठे?

ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक हमखास म्हणतात, ‘आणलं तेव्हा बोलत होते, इथे आणून बिघडलं.’ मीही ते म्हटलं होतं. पेशींचं वेळापत्रक माहीत असतं तर म्हटलं नसतं. हे प्रकरण मी विशेषतः अशा व्हरांड्यात थांबलेल्या माणसांसाठी लिहिलं आहे.

मग प्रश्न येतो, एवढं सगळं कळलं आहे तर औषध का नाही? हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर मी झाकून ठेवणार नाही. २००६ मध्ये एका संशोधनगटाने तोवर तपासलेल्या उपायांची मोजदाद केली. ते १,०२६ भरले. प्राण्यांमध्ये त्यातल्या कितीतरींनी मेंदू वाचवला होता, माणसांत पेशी वाचवणारं एकही निर्विवाद ठरलं नाही. एनएमडीएचं दार बंद करणारं सेल्फोटेल दिलं तर रुग्णांचं नुकसान होईल अशी चिन्हं दिसू लागली आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. मॅग्नेशियमवर फार भिस्त होती, कारण ते तर निसर्गाचंच बूच. कॅलिफोर्नियात १,७०० रुग्णांना थेट रुग्णवाहिकेत, लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी पाऊण तासाच्या आसपास, ते किंवा नुसतं सलाइन दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला. फरक शून्य.

या अपयशांची कारणं शोधणं हे मला या विषयातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो, त्याची धमनी कधी बंद झाली ते सेकंदापर्यंत माहीत असतं आणि औषध लगेच टोचलेलं असतं. रुग्ण साठी-सत्तरीचा असतो, त्याला मधुमेह आणि रक्तदाब असतो, आणि तो कित्येक तासांनी येतो. रक्त जिथे पोचत नाही तिथे रक्तातून दिलेलं औषध तरी कसं पोचणार? माणसाच्या मेंदूचा जवळपास निम्मा भाग श्वेतद्रव्याचा, म्हणजे तारांचा असतो, तर उंदरात तो फार थोडा, आणि बहुतेक औषधं तारांसाठी बनलेलीच नव्हती. त्यात एनएमडीएचं दार पहिल्या तासांत मारक असलं तरी नंतर पेशीच्या जगण्याला आणि नव्या जोडण्यांना तेच लागतं. ते दिवसेंदिवस बंद ठेवणं घातक ठरलं.

आणि एक कारण असं, जे इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. उंदीर निशाचर आहे. प्रयोगशाळेत माणसं दिवसा काम करतात, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी. माणसाला पक्षाघात बहुधा जागेपणी होतो. २०२० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की तीन निरनिराळे उपाय उंदरांच्या झोपेच्या वेळी मेंदू वाचवतात, त्यांच्या जागेपणी वाचवत नाहीत. झोपेच्या वेळी उपच्छाया जास्त रुंद असते, म्हणून उपायाला वाचवण्यासारखं काही उरतं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मला यात निराशा दिसत नाही. रसायन चुकीचं नव्हतं, त्याची तपासणी अपुरी होती, असं माझं मत आहे.

उपयोगी पडलं ते जास्त सरळ काम, धमनी उघडणं. गुठळी विरघळवणारं टीपीए तीन तासांच्या आत दिलं तर अपंगत्व टळण्याची शक्यता वाढते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. पुढे २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. मुदत का असते तेही आता वाचकाला सांगता येईल. दरम्यानच्या काळात रक्तवाहिन्यांच्या भिंती कुजू लागलेल्या असतात, आणि उशिरा सोडलेलं रक्त त्यांतून फुटून बाहेर येऊ शकतं. शिवाय रक्त परत आलं की त्याचंही एक नुकसान असतं. बंद काळात तंतुकणिकांत सक्सिनेट नावाचं द्रव्य साचतं, प्राणवायू येताच ते धडाधड जळतं आणि मुक्तमूलकांचा भडका उडतो. केंब्रिजमधल्या एका गटाने हे २०१४ मध्ये दाखवलं. दार उघडायचं, पण भडका उडू द्यायचा नाही, यावर आता नव्याने काम चालू आहे. पेशी वाचवणारी औषधं धमनी उघडण्याच्या जोडीला द्यायची हा विचार मला पटतो. निदान आता औषध जागेवर पोचेल.

२०१५ पासून मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून घातलेल्या नळीने ओढून काढणं सिद्ध उपचार झाला. त्यानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन नावाच्या चाचणीने माझं अनेक वर्षांचं मत बदललं. सहा ते चोवीस तास उलटलेले रुग्ण त्यात होते, पण स्कॅनमध्ये ज्यांची उपच्छाया शिल्लक दिसत होती असेच निवडले होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी आपलं आपण करू शकत होते, इतरांत १३ टक्के. लंडनच्या बबूनमध्ये सापडलेला तो विरळ सावलीचा पट्टा चाळीस वर्षांनी रुग्णाच्या खाटेपर्यंत आला. रेणूंचा अभ्यास निरुपयोगी ठरला असं म्हणणाऱ्यांना मी ही चाचणी दाखवतो. भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ऊतीचंही एक घड्याळ असतं, हे त्या अभ्यासाशिवाय कळलंच नसतं.

म्हणून उशीर चालतो असं मात्र कुणी समजू नये. अशी उपच्छाया टिकून राहिलेले रुग्ण थोडे असतात. अमेरिकेच्या जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी आणि १४ अब्ज जोडण्या जातात. माणसागणिक हा वेग खूप बदलतो, पण थांबत कुणाचाच नाही.

आपल्याकडची परिस्थिती पाहायची तर मुंबईत बसून चालणार नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकवस्तीत, दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. त्यांतले बहुतेक घरीच गेले. या पुस्तकातली पहिली सहा प्रकरणं लिहून झाल्यावर मी तो अहवाल पुन्हा वाचला आणि सातवं प्रकरण रक्तदाबावर लिहिलं. रेणूंच्या पुस्तकात ते कशाला, असं एका मित्राने विचारलं. गुठळी होण्याआधीची वीस वर्षंही रसायनाचीच असतात, आणि तिथे रोजची एक स्वस्त गोळी जे करते ते नंतरचं कुठलंही इंजेक्शन करू शकत नाही.

शब्दांबद्दल थोडं. चेतापेशी, तंतुकणिका, विकर हे शब्द शालेय पुस्तकांतले आहेत, म्हणून तेच ठेवले. ग्लुटामेट, कॅल्पेन यांना ओढूनताणून मराठी नावं दिली नाहीत. विज्ञानाचा विद्यार्थी नसलेल्या वाचकाने तिसरं प्रकरण अवघड वाटलं तर पाचव्यापासून सुरुवात करावी आणि मग मागे यावं. डॉक्टर वाचकांना काही ठिकाणी मी फार सोपं केलंय असं वाटेल. ते जाणूनबुजून केलं आहे.

माझे वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. डाव्या हाताने जेवायला शिकले, पण माझ्या आईचं नाव त्यांना पुन्हा कधी उच्चारता आलं नाही.

वाचकहो, हे पुस्तक पुढे वाचा अगर न वाचा, पण एक काम आज करा. घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहून ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी दिसलं तर तेल, मालिश, विश्रांती, काही करत बसू नका. पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, कदाचित गिळता येत नसेल. जिथे सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याची सोय आहे अशा दवाखान्यात सरळ न्या. आणि निघण्यापूर्वी घड्याळ पाहा. माणूस शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.